पॉलिएस्टरच्या गावात लोकरखाऊ पतंग

पावसाळ्यात सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या एखाद्या कॉलनीत बाथरूमची भिंत नीट बघा. भोपळ्याच्या बीसारखं चपटं, राखाडी काहीतरी चिकटलेलं दिसेल. झटकू नका, जरा थांबा. एका टोकातून तपकिरी डोकं बाहेर येतं, पुढचे पाय भिंत घट्ट धरतात आणि अख्खं घर पुढे ओढलं जातं! ही फेरिओइका नावाच्या चिमुकल्या पतंगाची अळी.

जेमतेम सेंटीमीटरभराचं हे घर तिनं स्वतः बांधलेलं. आतून रेशीम, बाहेरून वाळू, धूळ, धाग्यांचे तुकडे. दोन्ही टोकांना दारं. त्यामुळे अळी आतल्या आत वळते आणि दुसऱ्या दारानं निघते. खाणं काय, तर कोळ्यांची जुनी जळमटं, गळलेले केस, लोकर. तिला दमट हवा लागते आणि तापीच्या मुखाशी ती काही कमी नाही.

तिची चुलत बहीण म्हणजे घोंगडी, शाली, स्वेटर यांना लागणारी कसर. कपाटातून पतंग उडाला की आपण त्याच्यामागे धावतो. पण तो काहीच खात नाही! सगळं खाणं अळीपणीच उरकलेलं असतं. शिवाय उडणारा बहुधा नर. अंडी घालणारी मादी अंधारात सरपटत असते.

खरी कमाल कसरीच्या अळीच्या पोटात आहे. लोकर, केस, पिसं, शिंगं हे सगळं केराटिन. त्यातले गंधकाचे बंध इतके चिवट, की बहुतेक प्राण्यांना ते पचतच नाही. या अळीच्या आतड्यातला कमालीचा अल्कधर्मी रस ते बंध तोडतो. आफ्रिकेत याच कुळातला एक पतंग मेलेल्या हरणांच्या शिंगांवर वाढतो. पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांतली पिसंही हेच कुळ संपवतं. माझ्या मते निसर्गाच्या सफाई खात्यातले हे सर्वांत कमी कौतुक झालेले कामगार!

हजिऱ्यात पॉलिएस्टरचा कच्चा माल बनतो, सुरतेत त्याच्या साड्या. त्या मालात कसरीला पचण्यासारखं काही नाही. तिथल्याच उधना-लिंबायतच्या खानदेशी घरात गावाहून आलेली घोंगडी असेल, तर तिच्यावर मात्र कसरीचा डोळा. घामाचे, तेलाचे डाग असलेली लोकर तिला अधिकच आवडते.

म्हणून नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबू नका. लोकरीचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि भिंतीवरच्या त्या अळीसाठी फवारा कशाला? कोपऱ्यातली जळमटं काढा, तिचं जेवणच संपेल.