कार कर्जावर घेण्याआधी : इलेक्ट्रिक मालवाहू सायकलचा हिशोब मांडून पाहा

घरात दोन मुलं झाली, धंदा जरा स्थिरावला, की ‘आता एक गाडी पाहिजे’ हा विषय निघतोच. अम्मीला दवाखान्यात न्यायचं असतं, मुलांना शाळेत सोडायचं असतं, दुकानाचा माल आणायचा असतं आणि ईदला गावी जायचं असतं. शोरूमवाला कोटेशन देतो, कर्जाचे कागद दोन दिवसांत तयार होतात. पण भिवंडी, मालेगाव, मुंब्रा किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्यात राहणाऱ्यांना पुढची गोष्टही माहीत असते. गाडी गल्लीत शिरत नाही, ती लांब कुठेतरी उभी करावी लागते. आठवड्यातले पाच दिवस ती तिथेच धूळ खाते आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जातो.

म्हणून आज आपण एका वेगळ्या पर्यायाकडे पाहू : इलेक्ट्रिक मालवाहू सायकल.

ही सायकल असते तरी कशी?

कल्पना आपल्याला नवी नाही. पाववाले, दूधवाले, डबेवाले सायकलवर केवढं ओझं नेतात हे आपण लहानपणापासून बघत आलोय. त्याच सायकलची चौकट लांब आणि मजबूत केली, मागे मोठं कॅरिअर किंवा पुढे पेटी बसवली आणि पायडल मारताना जोर देणारी छोटी मोटर व बॅटरी लावली, की झाली मालवाहू ई-सायकल. काही दोन चाकांच्या असतात, काही तीन चाकांच्या. चांगल्या बनावटीच्या सायकलवर चालवणाऱ्याशिवाय 80 ते 100 किलो वजन नेता येतं. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा, तांदळाचं पोतं 25 किलोचं, म्हणजे महिन्याचा किराणा एका फेरीत घरी येतो.

नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये हे रोजचं दृश्य आहे. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत 1984 मध्ये पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल बनू लागली. आज त्या शहरात पेटीत मुलं बसवून शाळेत सोडणारे आईबाप सर्रास दिसतात. मात्र तिथल्या इलेक्ट्रिक सायकलींच्या किमती आपल्या पैशांत तीन-चार लाखांच्या घरात जातात. तशी सायकल मागवायची तर कारच बरी! आपल्यासाठी अर्थ आहे तो इथेच बनलेल्या साध्या ई-सायकलला किंवा चांगल्या कारागिराकडून मजबूत करून घेतलेल्या तीनचाकीला.

हिशोब काय सांगतो?

समजा, सहा लाखांची कार घेतली. एक लाख रोख आणि पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षांसाठी, साडेनऊ टक्क्यांनी. हप्ता येतो सुमारे 10,500 रुपये. पाच वर्षांत आपण बँकेला 6 लाख 30 हजार देतो, म्हणजे 1 लाख 30 हजार निव्वळ व्याज. व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत नुसता पैशाचा नसतो. ‘मजबुरी आहे’ म्हणून मन समजावणारे कितीतरी जण आपल्या ओळखीचे असतील. मजबुरी खरोखर आहे का, हे तपासायलाच हा हिशोब.

महिन्याला 300 किलोमीटर गाडी फिरली, तर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या भावाने शहरात किलोमीटरला सात रुपये धरा, म्हणजे 2,100. विमा आणि सर्व्हिसिंगचे सरासरी दोन हजार. हप्ता धरून महिना साडेचौदा हजारांच्या वर गेला.

आता सायकल. 70 हजारांची धरू. 48 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी भरायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच-सहा रुपयांत ओझ्यासकट 25 किलोमीटर होतात. ‘किलोमीटरला 20 पैसे’ असं विक्रेते सांगतात ते इथून येतं. पण अर्धं सांगतात. खरा खर्च बॅटरीचा आहे. 15 हजारांची लिथियम बॅटरी साधारण 600 वेळा चार्ज झाली, तर 15,000 किलोमीटर चालेल, म्हणजे किलोमीटरला एक रुपया. तो आजपासून बाजूला टाकायचा. वीज, बॅटरी, टायर, ब्रेक मिळून 300 किलोमीटरचे महिन्याला 700 रुपये होतात. त्यात रिक्षा-टॅक्सीसाठी चार हजार मोकळ्या हाताने जोडा. तरी एकूण पाच हजारांच्या आत.

पाच वर्षांनी कार विकून दोन-तीन लाख हाती येतील हे मान्य. तेवढे वजा केले तरी कारवाल्या घराचे सात लाखांच्या आसपास गेलेले असतात, सायकलवाल्या घराचे साडेतीन लाख. शिवाय 70 हजार ही रक्कम भिशीतून, बचतीतून किंवा नातेवाइकांच्या बिनव्याजी उसन्यातून उभी राहू शकते. पाच लाख तसे उभे राहत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. नंबरप्लेट, लायसन्स, विमा यांची सक्ती नाही. पण त्यासाठी त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेचं प्रमाणपत्र हवं. विक्रेत्याकडे ते मागाच.

‘वायर कापून देतो, पन्नासने पळेल’ असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. वेग वाढवला की तीच सायकल बेकायदा वाहन ठरते. अपघात झाला तर विमा नाही आणि जबाबदारी सगळी आपली. 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती.

धंद्याचं ओझं यापेक्षा जास्त असेल तर ई-कार्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यावर 310 किलोपर्यंत माल नेता येतो, पण नोंदणी आणि लायसन्स लागतं.

कुठे जमणार नाही?

हेही साफ सांगायला हवं. महामार्गावर ही सायकल नेऊ नका. रत्नागिरी-चिपळूणकडच्या चढांवर ओझं घेऊन 250 वॅटची मोटर दमते. गुडघाभर पाण्यात मोटर आणि बॅटरी दोन्ही जातात, त्यामुळे पाणी तुंबलेल्या दिवशी रिक्षाच करायची. गुडघे दुखणाऱ्या अब्बांना पेटीत बसवून दवाखान्यात नेणं बरं दिसत नाही आणि बरोबरही नाही. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं, तर 108 नंबरची रुग्णवाहिका किंवा शेजारचा रिक्षावाला हाच आधार. त्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. गावी जायला एसटी आणि रेल्वे आहेच. लग्नकार्याला गाडी भाड्याने करता येते. याच फेऱ्यांसाठी वर चार हजार धरले आहेत.

घेताना काय बघायचं?

रिकामी सायकल चालवून पाहू नका. दोन गोण्या टाका आणि जवळच्या उड्डाणपुलावर चढवा-उतरवा. उतारावर ब्रेक लागतो का, हे सगळ्यात आधी. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम.

बॅटरी लिथियमची घ्या. शिसे-आम्लाची स्वस्त मिळते, पण जड असते आणि लवकर बसते. बॅटरी काढून घरात नेता येते का, तेही पाहा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला त्याशिवाय इलाज नाही. कंपनीचाच चार्जर वापरा, रात्रभर लावून झोपू नका आणि दाराशी किंवा जिन्यात कधीही चार्जिंग करू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. आपल्या दाटीच्या चाळींत हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे. फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करा.

आमच्या बहिणींसाठी एक खास गोष्ट. बुरखा, ओढणी किंवा साडी चाकात अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात. साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडीगार्ड असल्याशिवाय सायकल घेऊ नका. तोल सांभाळायची भीती वाटत असेल तर तीनचाकी घ्या, पण वळणावर वेग कमी ठेवा, कारण तीनचाकी वळताना कलंडू शकते. मुलं बसवायची तर पट्टा आणि हेल्मेट हवंच, कायदा सांगो वा न सांगो.

आधी एक महिना वही ठेवा

निर्णय घाईने करू नका. एक महिना घरातल्या प्रत्येक फेरीची नोंद करा : कुठे गेलो, किती लांब, सोबत काय होतं. शाळा, बाजार, दुकान, मशीद, नानीचं घर... बहुतेक फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या आत निघाल्या, तर तुम्हाला गरज आहे ती ओझं नेणाऱ्या सायकलची. वही उलटं सांगत असेल, लांबच्या फेऱ्याच जास्त असतील, तर कारचा विचार जरूर करा. तेव्हा तो शेजाऱ्याने घेतली म्हणून केलेला नसेल, गरजेतून आलेला असेल.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतोच. मुलीचं स्थळ बघायला येणाऱ्यांना दारात कार दिसावी, असं वाटणारी घरं आपल्यात आहेत. पण हप्त्यापायी त्याच मुलीचं शिक्षण थांबलं, तर त्या कारचा मान किती दिवस पुरणार? वाचलेल्या हप्त्यातून तिच्या कॉलेजची फी भरली गेली, तर खरी बरकत त्यातच आहे.