सोने सरले, शहर उरले : कोलार गोल्ड फील्ड्सची वाटचाल

बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली. मात्र तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला असलेल्या कोलार गोल्ड फील्ड्स, अर्थात केजीएफ येथे, त्याच्या तीन वर्षे आधीच, १९०२ मध्ये, कावेरीवरील शिवनसमुद्र प्रकल्पाची वीज पोहोचली होती. ही वीज प्रामुख्याने सोन्याच्या खाणींसाठी आणण्यात आली होती. या एका गोष्टीवरूनही केजीएफचे तत्कालीन महत्त्व लक्षात येते.

बंगळुरूत स्थायिक झालेले निवृत्त आयरिश सैनिक मायकेल लॅव्हेल यांनी १८७५ मध्ये म्हैसूर सरकारकडून येथे खाणकामाचा परवाना मिळवला. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने सूत्रे हाती घेतली आणि माळरानावर शहर उभे राहिले. साहेबांसाठी बंगले आणि क्लब बांधले गेले. तामिळ भाषक मुलुखातून आलेल्या कामगारांच्या वाट्याला चाळीवजा वसाहती आल्या. खडक फुटून होणारे अपघात आणि धुळीमुळे जडणारा फुप्फुसांचा विकार यांची झळ याच वसाहतींनी सोसली.

१९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. तोपर्यंत चॅम्पियन रीफ ही जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक ठरली होती. तिची खोली तीन किलोमीटरहून अधिक होती. याच खाणींत १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणातील न्यूट्रिनोंचा वेध घेतला.

खोली वाढत गेली, तसा खर्चही वाढला आणि खनिजातील सोन्याचे प्रमाण मात्र घटत गेले. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांच्या आत येथून सुमारे ८०० टन सोने निघाले होते.

खाणीबरोबर केवळ रोजगारच गेला नाही. घरे, पाणी, वीज आणि रुग्णालय ही सारी व्यवस्था कंपनीच्याच आधारावर उभी होती. एकाच उद्योगावर विसंबलेल्या वस्तीची हीच खरी अडचण असते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने आणि पोलाद उद्योगाच्या उतरणीनंतर अमेरिकेतील गॅरी शहरानेही हे अनुभवले. मात्र गिरणी कामगाराला निदान मुंबई तरी होती. केजीएफच्या कामगाराला मुक्कामाच्या गावाबाहेरच काम शोधावे लागले.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या बीईएमएल कंपनीच्या कारखान्याने काहींना आधार दिला. परंतु आज हजारो रहिवासी पहाटेच्या रेल्वेने बंगळुरू गाठतात आणि रात्री परततात.

शहराभोवती खाणींतून निघालेल्या गाळाचे तीन कोटी टनांहून अधिक वजनाचे ढिगारे आहेत. त्यांत अल्प प्रमाणात सोने शिल्लक आहे. हे ढिगारे पुन्हा उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. त्यातून सोने मिळेलही; परंतु स्थानिकांना किती रोजगार मिळेल आणि वसाहतींतील घरांचे काय होईल, यावरच या शहराचे पुढील भवितव्य अवलंबून आहे.