विश्लेषण : गेममध्ये पैसे भरूनही खेळाडू नाराज का?

जुलै २०२३ मध्ये गोंदियाचे नाव देशभरच्या बातम्यांत आले ते एका ‘ऑनलाइन गेम’मुळे. ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपयांना फसवले गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली. त्यावरून नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड व किलोंच्या मापात सोने-चांदी जप्त केली. पैसे लावून खेळण्याच्या अशा गेमवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. मात्र शाळा-कॉलेजच्या मुलांच्या फोनमधून डायमंड, यूसी, पास आणि स्किनवर जाणारा पैसा बव्हंशी या कायद्याच्या चर्चेबाहेर राहिला. रक्कम लहान असते, म्हणून तक्रार पोलिसांपर्यंत जात नाही. जेमतेम घरापर्यंत जाते आणि तिथे ‘गेमच खेळू नको’ यावर संपते. खेळाडूंची तक्रार नेमकी काय आहे आणि तिच्यात तथ्य किती?

गेम ‘फुकट’ असतो, मग कंपनी कमावते कशी?

पूर्वी संगणकावरचा गेम सीडीच्या रूपात एकदाच विकत घ्यावा लागे. फ्री फायर मॅक्स किंवा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (बीजीएमआय) फुकट उतरवता येतात. फ्री फायर सिंगापूरच्या गरेना कंपनीचा, तर बीजीएमआय दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनचा. बहुसंख्य खेळाडू एक रुपयाही भरत नाहीत. खर्च आणि नफा दोन्ही निघतात ते पैसे भरणाऱ्या थोड्या खेळाडूंकडून.

त्यासाठी गेममध्ये दुकान असते. कपडे, बंदुकीचे रंगरूप म्हणजे स्किन, नाचाच्या मुद्रा, हंगामी पास अशा वस्तू तिथे मिळतात. त्या रुपयांत थेट विकत मिळत नाहीत. आधी रुपये देऊन गेममधले चलन घ्यावे लागते. फ्री फायरमध्ये त्याला डायमंड म्हणतात, बीजीएमआयमध्ये यूसी. फ्री फायर कमी ताकदीच्या फोनवरही चालतो, त्यामुळे महागडा फोन नसलेल्या घरांतही तो सहज पोहोचला.

खेळाडूंचा राग कशावर आहे?

पहिली तक्रार नव्या मजकुराची. दर अपडेटला फोनमधली जागा आणि डेटा खर्च होतो, पण उघडल्यावर नकाशे तेच, लढतीचा साचा तोच आणि दुकान मात्र नवे. याचे कारण हिशेबात आहे. नवा नकाशा तयार करायला, तपासायला मोठी तुकडी आणि बरेच महिने लागतात, आणि तो सगळ्यांना फुकट द्यावा लागतो. स्किन तुलनेने कमी श्रमात तयार होते आणि लगेच विकली जाते. म्हणून कंपनीचे लक्ष दुकानाकडे जास्त राहते.

दुसरी तक्रार दुरुस्तीची. हॅक वापरून भिंतीपलीकडचे पाहणारे खेळाडू, ऐन लढतीत वाढणारा पिंग, नवशिक्यांसमोर मुरलेले खेळाडू येणे, हे प्रश्न वर्षानुवर्षे तसेच असल्याचे खेळाडू सांगतात. जिथे नेटवर्क मुळातच कमजोर आहे, तिथल्या खेळाडूला पिंगचा फटका अधिक बसतो.

तिसरी तक्रार समान संधीची. काही गेममध्ये स्किन केवळ शोभेची असते. फ्री फायरमधल्या अनेक गन स्किनमुळे मात्र बंदुकीचे गुणधर्मही बदलतात. कुणाची मारकता वाढते, कुणाचा गोळीबाराचा वेग. एकाच्या हाती विकतची स्किन आणि दुसऱ्याच्या हाती साधी बंदूक असेल, तर हरणाऱ्याला आपण कौशल्यात हरलो की पैशांत, हे कळत नाही.

किंमत दिसत असूनही समजत का नाही?

दिवाळीनंतर गोंदिया-भंडाऱ्यात गावोगावी मंडई भरते. मंडईत किंवा जत्रेत रिंग फेकण्याच्या खेळात तीन गोष्टी स्पष्ट असतात. बक्षीस समोर मांडलेले असते, एका रिंगचे पैसे रुपयांत ठरलेले असतात आणि जिंकलेली वस्तू घरी नेता येते. गेममधल्या ‘लकी’ फेरीत या तिन्ही गोष्टी धूसर होतात.

समजा, एका फेरीला ४० नाणी लागतात आणि सर्वांत लहान पॅक १०० नाण्यांचा आहे. दोन फेऱ्या झाल्या की २० नाणी उरतात. त्यांत काहीच येत नाही, म्हणून पुन्हा पॅक घ्यावा लागतो. खात्यात अनेकदा थोडे उरते आणि थोडे कमी पडते, अशीच ही रचना असते. रुपयांचे नाण्यांत रूपांतर झाले की खर्चाचा अंदाजही सुटतो.

दुसरा भाग शक्यतेचा. हवी ती स्किन मिळण्याची शक्यता १ टक्का असेल, तर १०० फेऱ्यांत ती मिळेलच, असे अनेकांना वाटते. गणित वेगळे सांगते. प्रत्येक फेरी स्वतंत्र असेल, तर १०० फेऱ्यांनंतरही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. म्हणजे शंभर फेऱ्या मारणाऱ्या तिघांपैकी सरासरी एक जण रिकाम्या हाताने परततो. काही गेममध्ये ठरावीक फेऱ्यांनंतर वस्तू हमखास दिली जाते, पण तोवर झालेला खर्च थेट किमतीपेक्षा बराच जास्त असू शकतो.

फेरी २० रुपयांना पडली, तर १०० फेऱ्यांचे २,००० रुपये होतात. रोजगार हमी योजनेत २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही सहा दिवसांहून अधिकची मजुरी झाली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ३ तास खेळण्याची आणि ७,००० रुपये खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती. २०२५-२६ च्या हंगामात सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. धानाच्या जिल्ह्यात ही ‘मर्यादा’ जवळपास तीन क्विंटल धानाइतकी होते, तीही एका दिवसाची आणि एका मुलाची.

पैसे देऊन घेतलेली स्किन कुणाची?

बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार खेळाडू वस्तू विकत घेत नाही, ती वापरण्याचा परवाना घेतो. खाते बंद झाले किंवा गेम बंद झाला, तर परवाना संपतो. भारतीय खेळाडूंनी हे अनुभवले आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबर २०२० पासून त्याचे भारतातील सर्व्हर बंद झाले. वर्ष उलटण्याआधी बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातील वस्तू नव्या गेममध्ये नेण्याची सोय मिळाली. ती कंपनीने दिली म्हणून मिळाली. खेळाडूचा तो हक्क नव्हता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ अ‍ॅपवरील कारवाईत फ्री फायर गेला. त्याची मॅक्स आवृत्ती सुरू राहिल्याने आणि खाते तेच चालत असल्याने अनेकांची खरेदी वाचली. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही अ‍ॅप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत नव्या फोनवर तो अधिकृतपणे उतरवता येत नव्हता. बंदीची कारणे सुरक्षेची होती आणि तो सरकारचा अधिकार आहे. पण भरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न तिन्ही वेळा ग्राहकाच्या पदरीच राहिला.

२०२५ च्या कायद्याने काय बदलले?

ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा हा कायदा २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याने गेमचे तीन गट केले : ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम. पहिल्या दोहोंना प्रोत्साहन आहे, तिसऱ्यावर बंदी. मनी गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे किंवा त्यासारखे काही पणाला लावून आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा गेम म्हणजे मनी गेम. तो कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक कायद्याने ठेवला नाही.

गोंदिया प्रकरणासारखे व्यवहार या व्याख्येत थेट येतात. नशिबाच्या फेरीतून मिळणारी स्किन मात्र सीमेवर आहे. पैसे भरले जातात, निकाल नशिबावर असतो, पण मिळणारी वस्तू अधिकृतपणे पैशांत बदलता येत नाही. प्रत्यक्षात खाती म्हणजे ‘आयडी’ चोरून विकल्या जातात आणि त्यांतील दुर्मीळ स्किनवर भाव ठरतो. कायद्याने लूट बॉक्सचा वेगळा विचार केलेला नाही.

इतर देशांनी काय केले?

बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे भरून घ्यायच्या लूट बॉक्सना जुगार ठरवले. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरने डिसेंबर २०१७ पासून अशा फेऱ्यांतील शक्यता खरेदीआधी जाहीर करणे बंधनकारक केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातील २४.५ कोटी डॉलर नको असलेली खरेदी माथी मारल्याबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठी होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘गेनशिन इम्पॅक्ट’च्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरण्याचे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना लूट बॉक्स न विकण्याचे मान्य केले. मार्च २०२५ मध्ये युरोपातील ग्राहक यंत्रणांनी गेममधल्या वस्तूंची किंमत खऱ्या चलनातही दाखवावी, असे तत्त्व मांडले.

यांपैकी बहुतेक निर्णयांनी गेम बंद केले नाहीत. दुकानाला भाव लिहायला आणि शक्यता सांगायला भाग पाडले.

इथल्या ग्राहकाच्या हाती काय आहे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधात मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यात १३ प्रकार आहेत. ‘शेवटचे दहा मिनिट’ अशी खोटी घाई, सारखे तगादा लावणारे फलक, सहज रद्द न होणारी वर्गणी हे त्यांपैकी काही. भारतात सेवा देणाऱ्या सर्व डिजिटल मंचांना ती लागू आहेत.

तक्रारीचा पहिला मार्ग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हा आहे. तिथे दाद न मिळाल्यास गोंदियातील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ऑनलाइन दाखल करण्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला करार करण्याची क्षमता भारतीय करार कायद्याने दिलेली नाही. मुलाने परस्पर केलेल्या खरेदीबाबत हा मुद्दा तक्रारीत मांडता येतो.

‘फुकट डायमंड’ किंवा ‘अर्ध्या किमतीत यूसी’ सांगणाऱ्या लिंकवर पैसे गेले असतील, तर मात्र ती सायबर फसवणूक ठरते. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे आणि जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता वाढते.

घरात आधी काय करावे?

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय सुरू करावी. ऑर्डर हिस्ट्री महिन्यातून एकदा मुलासोबत पाहावी. चुकून खरेदी झाल्यास ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागावा, पावतीचा ईमेल जपून ठेवावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये.

मुलाने खरेदी करायचीच ठरवली असेल, तर आधी त्याच्याकडून तीन उत्तरे घ्यावीत. ही वस्तू रुपयांत कितीला पडते? ती नक्की मिळणार की नशिबाने? उद्या गेम बंद झाला तर काय उरेल? ज्या दुकानात या तिन्हींची उत्तरे मिळत नाहीत, तिथे मोठी माणसेही खरेदी करत नाहीत. गेममध्ये पैसे भरून चिडलेला मुलगा बहुतेक वेळा हेच सांगत असतो. त्याच्याकडे व्यसनी म्हणून पाहण्याआधी ग्राहक म्हणून पाहिले, तर त्याच्या तक्रारीची नोंद निदान १९१५ वर तरी होईल.