गार पाण्याने दात का कळवळतो?

उन्हातून घरी यावे, माठातील गार पाण्याचा पेला तोंडाला लावावा आणि पहिल्याच घोटाला एखाद्या दातातून अशी कळ जावी की पेला हातातच राहावा, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. मग त्या बाजूला पाणी लागू न देता पिण्याची कसरत सुरू होते, आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे चालते.

दाताचा जो शुभ्र भाग आपणांस दिसतो, ते दंतवल्क. बोलण्यात आपण त्याला एनॅमल म्हणतो. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेल्या या थरात मज्जातंतू मुळीच नाहीत. खरी हकिगत आहे ती त्याखालच्या दंतिनाची. दंतिन दिसते भरीव. परंतु दाताच्या गाभ्यापासून निघालेल्या असंख्य सूक्ष्म, द्रवाने भरलेल्या नलिका त्यातून गेलेल्या असतात. दंतवल्क झिजले, किंवा हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की या नलिकांची तोंडे मोकळी होतात. गार पाणी लागताच आतील द्रव झटकन बाहेरच्या बाजूस सरकतो आणि गाभ्याजवळचे मज्जातंतू डिवचले जातात. म्हणूनच कळ इतकी तत्काळ येते. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी या उपपत्तीला बळ दिले. पुढे २०२१ मध्ये, दंतिन घडविणाऱ्या पेशींत गारवा ओळखणारे एक प्रथिन असल्याचे दिसून आले. लवंगेच्या तेलातील युजेनॉल त्याच प्रथिनाला अटकाव करते! आजीबाईच्या बटव्याची ही गंमतच म्हणावयाची. मात्र लवंग कळ शमविते, कीड नव्हे.

झिजेला आपला हातही लागतो. ताठ केसांचा ब्रश जोराने घासणे, राख किंवा कोळशाची पूड वापरणे यांनी दात उजळत नाहीत, झिजतात. मिशरीत तर तंबाखूच असते. तिचा धोका दातांपुरता राहत नाही. चिंच, लिंबू अथवा शीतपेय घेतल्यावर दंतवल्क काही काळ मऊ पडते. तेव्हा लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या दंतमंजनाने (पेस्ट या अर्थी) आराम पडतो, परंतु काही आठवडे नेमाने वापरल्यावर. दोन दिवसांत नळी बाजूला टाकू नये.

आता आपणच एक पारख करावी. पाणी गिळताच कळ ओसरते काय? तर बहुधा दोष वरच्या झिजेचा. तरीही एकदा दंतवैद्यांना दाखवून कीड वा तडा नाही याची खात्री करून घ्यावी. परंतु पाणी गिळून झाल्यावरही दात ठणकत राहत असेल, गरम चहादेखील सोसवत नसेल, रात्री झोपमोड होत असेल, तर दाताचा गाभा सुजल्याची शक्यता असते आणि तेथे मंजनाचा उपयोग नाही. असा ठणका कधी आपोआप थांबतो व घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुष्कळदा त्या वेळी आतील गाभा मृत झालेला असतो, आणि दुखण्यावाचूनच मुळाच्या टोकाशी पू धरू लागलेला असतो.