पहिल्या दिवशी तानपुरा लावा

लाख-दीड लाखांची स्पीकरची जोडी घरात आली की पहिल्या संध्याकाळी हमखास काहीतरी दणदणीत लागतं. ढोलताशा, नाहीतर सिनेमातली लढाई. छाती हादरली की पैसे वसूल! माझं मत विचाराल तर हा निकाल स्पीकरचा नसतोच. निम्मा खोलीचा असतो आणि उरलेल्यातला बराचसा डोळ्यांचा.

डोळ्यांचं आधी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. समोर दिसत होत्या तेव्हा मोठ्या, महागड्या पेट्यांना भरघोस गुण मिळाले. पडदा ओढल्यावर तेच गुण खाली आले.

आता खोली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापुरात जुनं कौलारू घर आणि नवं स्लॅबचं घर यांत एकच जोडी वेगवेगळी वाजेल. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, मागोमाग बारीक झर्र ऐकू येते. गुळगुळीत फरशी आणि समोरासमोरच्या सपाट भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात. कौलाचं छप्पर उतरतं असतं, शिवाय फटींतून थोडा खर्ज बाहेर निघून जातो. माझी पसंती कौलांना. जुलैत मात्र या भागातला पाऊस कौलांवर कोसळू लागला की कसला स्पीकर न् कसलं काय.

खर्जाची गंमत आकड्यांत बघण्यासारखी आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. सोळा फूट लांबीच्या खोलीत पुढच्या-मागच्या भिंतींमधला त्याचा मेळ आधी ३५ हर्ट्झला बसतो, मग दुप्पट म्हणजे ७० हर्ट्झला. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जातला षड्ज ६९. नेमका तिथेच! मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तो घुमतो. चार फूट पुढे सरकलात की जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर तेच, गाणं तेच, फक्त खुर्ची हलली.

म्हणून पहिल्या दिवशी नुसता तानपुरा लावावा. त्याची तार तळापासून वरच्या स्वरांपर्यंत भरलेली असते. तारेतून असे स्वर निघतात जे नेहमीच्या नियमात बसत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवलं. ती करामत घोडीच्या वक्र माथ्याची आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याची. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून जवारी काढतो ती यासाठीच. बहुतेक स्पीकरमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास वूफर आपलं काम ट्वीटरच्या हाती देतो, आणि जवारीची झळाळी त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. सांधा कच्चा असेल तर गुंजारव एका जागी आणि किणकिण दुसऱ्या जागी, असे दोन तानपुरे ऐकू येतात. ढोलताशा हे कधीच उघडं पाडणार नाही.

त्यानंतर केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावा. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांचं वास्तव्य कोल्हापूर दरबारी होतं, तेव्हा या शिष्येचं गाणं या मुलखात परकं नाही. खरखर आधीपेक्षा जास्त ऐकू येईल. ती तबकडीतलीच आहे, स्पीकरला दोष देऊ नका. गळा पुढे आणि खरखर मागे, अशी वेगळी वाटली तर जोडी चांगली समजायची.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. पावसाळी हवेचा विचार करून शंकूभोवतीची कड फोमऐवजी रबराची घ्यावी. दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो. महागड्या वायरी नंतर. आधी पेट्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, जमिनीवर जाड सतरंजी टाका आणि खुर्ची हलवून पुन्हा ऐका.