प्रामाणिक कचऱ्याच्या शोधात

28 जुलै 1992. स्वीडनच्या बार्सेबेक केंद्रातली दुसरी अणुभट्टी काही काळ बंद ठेवल्यानंतर पुन्हा सुरू होत होती. शक्ती नगण्य, दाब जेमतेम 30 बारच्या आसपास. एक सुरक्षा झडप नको तेव्हा उघडली आणि वाफेचा झोत शेजारच्या पाइपांवर आदळला. पाइपांना उष्णता राखण्यासाठी खनिज लोकर गुंडाळलेली होती. तिचा सुमारे 200 किलो चुरा उडाला आणि त्यातला निम्मा पाण्याबरोबर वाहत खालच्या कुंडात उतरला. ही उकळत्या पाण्याची भट्टी. आपल्या तारापूरची पहिली दोन युनिटेही त्याच जातीची. अपघात झाला तर शीतकरणाचे पंप याच कुंडातून पाणी ओढतात आणि त्यांच्या तोंडाशी गाळण्या असतात. पाचांपैकी दोन गाळण्या तासाभरात तुंबल्या. कागदावरचा हिशोब सांगत होता की पहिले दहा तास त्यांच्याकडे बघायचीही गरज नाही.

उलट्या दिशेने पाणी सोडून गाळण्या मोकळ्या केल्या गेल्या आणि इंधनाला काही झाले नाही. स्वीडनने मात्र आपल्या पाच जुन्या भट्ट्या थांबवल्या. हा प्रयोग कोणी आखलेला नव्हता, पण आधीच्या वीस वर्षांत कागदावर झाले त्याहून जास्त काम त्याने एका दिवसात केले.

कागदावरचे काम असे होते. 1974च्या अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार गाळणीचे निम्मे क्षेत्रफळ बंद पडले असे धरायचे आणि उरलेल्या निम्म्यावर पंप चालतो का ते पाहायचे. निम्मेच का? सोयीचा आकडा, एवढेच उत्तर मला सुचते. 1979मध्ये हा प्रश्न अनिर्णित सुरक्षा प्रश्नांच्या यादीत गेला. 1985मध्ये नियामकांनी स्वतःच मान्य केले की सरसकट निम्म्याचा नियम पुरेसा नाही, प्रत्येक केंद्राच्या आवरणानुसार हिशोब हवा. आणि तेवढे मान्य करून चालू केंद्रांवर कसलीही सक्ती न करता विषय मिटवला. या प्रकरणात मला सर्वात जास्त खटकते ते हेच.

सप्टेंबर 1995मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्रात पाइपांवरचे आवरण जागचे हललेही नव्हते. एक झडप उघडून वाफ कुंडात गेली, पंप सुरू झाले आणि त्यांतल्या एकाच्या गाळणीवर तंतू व गंजाच्या गाळाचा पातळ थर बसला. नंतर कुंडातून सुमारे 635 किलो ओला कचरा निघाला. म्हणजे अपघाताची वाट न पाहता तो आधीपासून तिथे साचत होता.

यानंतर चाचण्यांची खरी धांदल सुरू झाली. पाण्याची टाकी, तिच्यात गाळणीचा तुकडा, पलीकडे पंप. कचरा टाकायचा आणि गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजायचा. ऐकायला सोपे. पण तंतू थोडे कमी केले तर दाबाचा फरक कधी कधी उलट वाढतो, हे टाकीने दाखवले. जाड, सैल गादीतून पाणी वाट काढते. तीनेक मिलिमीटरच्या पातळ थरात बारीक कण ठासून बसले की वाट उरत नाही. न्हाणीघरातल्या मोरीची जाळी नुसत्या केसांनी तुंबत नाही, केसांत साबणाचा साका बसला की तुंबते, तसेच. त्यामुळे ‘जास्तीत जास्त कचरा टाकून पाहिला, गाळणी टिकली’ या युक्तिवादातली हवा गेली.

मग वाद गाळणीवरून कचऱ्यावर आला. नवी काचलोकर पाण्यात टाकली तर गठ्ठे होतात. गठ्ठे तळाशी बसतात आणि गाळणी आयतीच पास होते. म्हणून लोकर आधी तापवून जुनी करायची, यंत्रात फाडायची, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तंतू सुटे करायचे. अपघातात उडणाऱ्या रंगाच्या पापुद्र्यांऐवजी कुठे सिलिकॉन कार्बाइडची पूड, कुठे अक्रोडाच्या टरफलांची भुकटी. आधी काय टाकायचे, पूड की तंतू, टाकी ढवळायची की नाही, यावर नियामक आणि कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षे खल झाला. मला तो कज्जेदलाली वाटत नाही. निकाल खरोखरच त्यावर फिरत होता.

2004मध्ये अमेरिकेतल्या 69 दाबित पाण्याच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या, भट्ट्यांना आपली गाळणी नव्याने तपासण्याचे नियामकांचे पत्र गेले. ओहायोतल्या डेव्हिस-बेसीने त्याआधीच सुमारे 50 चौरस फुटांची गाळणी काढून सुमारे 1200 चौरस फुटांची बसवली होती. त्याच सुमारास न्यू मेक्सिको विद्यापीठात आणखी एक अडचण पुढे आली. तिथे पाच चाचण्या झाल्या, प्रत्येकी तीस दिवस, 60 अंश सेल्सियसला: पाणी, बोरिक आम्ल, धातूंचे पत्रे, काँक्रीट, लोकर. अल्कली पाण्यात ॲल्युमिनियम विरघळले आणि पाणी थंड होताना त्यातून पांढरट, जेलीसारखा साका उतरला. दुसऱ्या एका मिश्रणात आवरणातले कॅल्शियम आणि पाण्यात घातलेले फॉस्फेट जुळून थोड्याच वेळात पांढरे कण तयार झाले. म्हणजे अपघाताच्या पहिल्या तासात नसलेला कचरा नंतर कुंडातच शिजणार होता.

गाळणी मोठी आणि बारीक छिद्रांची केली तरी काही तंतू पार होतातच, आणि पुढे असते इंधन. त्याच्या चाचण्यांनंतर 2013मध्ये एका इंधनसंचामागे 15 ग्रॅम तंतूंची मर्यादा मान्य झाली. बार्सेबेकच्या 200 किलोंपासून सुरू झालेला हिशोब इथे मूठभर लोकरीवर येऊन ठेपला. ज्या केंद्रांत तंतुमय आवरण थोडे त्यांचे भागले. इतरांपुढे ते उपटून काढण्याचा मार्ग होता, पण ते काम करणाऱ्या माणसांना किरणोत्सर्गाची मात्रा घ्यावी लागते. टेक्सासच्या साउथ टेक्सास प्रकल्पाने वेगळी वाट धरली: चाचण्यांचे निकाल संभाव्यतेच्या गणितात बसवून धोका अत्यल्प असल्याचे दाखवले. 2017मध्ये नियामकांनी ते मान्य केले आणि 2019मध्ये मूळ प्रश्नाची फाइल बंद केली. फाइल बंद झाली तरी नोंदवही चालूच आहे: आवरणाचा प्रकार बदलायचा असो किंवा ॲल्युमिनियमचे मचाण भट्टीच्या इमारतीत ठेवायचे असो, गाळणीच्या खात्यात त्याचा हिशोब आधी मांडावा लागतो.