बाजार घाबरतो म्हणजे कोण घाबरतं?

लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी घसरला आणि अर्थवृत्तांत बाजार हाडामांसाचा झाला. त्याला धडकी भरली, तो कोसळला, दलाल स्ट्रीटवर रक्तपात झाला, गुंतवणूकदारांचे सुमारे ३१ लाख कोटी रुपये बुडाले. तीन दिवसांनी, ७ जूनला, तोच सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. घसरणीच्या आदल्या दिवशीपेक्षाही वर. चार तारखेला ज्याने घाबरून शेअर विकले, त्याचा तोटा कायमचा पक्का झाला. जो हात न लावता बसून राहिला, त्याचा तोटा कागदावरच आला आणि बराचसा कागदावरच भरून निघाला. बातमीत मात्र दोघांचेही पैसे ‘बुडाले’. माझा आक्षेप इथेच आहे. भावनेचा शब्द बाजाराला चिकटतो आणि ज्याचं खरोखर नुकसान झालं तो माणूस बातमीतून नाहीसा होतो.

‘ऐतिहासिक आपटी’ हा असाच शब्द. अंकांत मोजलं तर ४ जूनची घसरण तोवरची सर्वांत मोठी. पण १७ मे २००४ रोजी सेन्सेक्स अवघे ५६५ अंक पडला होता आणि ती घसरण ११ टक्क्यांची होती. २३ मार्च २०२० ला ३,९३५ अंक गेले, म्हणजे १३ टक्के. ४ जूनचे ४,३९० अंक भरतात पावणेसहा टक्के. मथळ्यात अंक येतात, कारण अंक भीती घालतात. टक्केवारी तिसऱ्या परिच्छेदात जाते.

अर्थशास्त्राला भावनेचं वावडं कधीच नव्हतं. केन्सने १९३६ मध्येच गुंतवणुकीमागची माणसाची आंतरिक ऊर्मी सिद्धांतात आणली. ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दल नुसता एक प्रश्न विचारला, आणि जगभरचे बाजार घसरले.

अशा शब्दांचं वजन पुढे संशोधकांनी मोजलंही. पॉल टेटलॉक यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या बाजारविषयक स्तंभाचे १९८४ ते १९९९ पर्यंतचे लेख तपासले. स्तंभाचा सूर फार निराशेचा असला की दुसऱ्या दिवशी भावांवर दबाव येई आणि काही दिवसांत ते पुन्हा सावरत. मायकेल मॉरिस आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. निर्देशांक ‘चढला’, ‘झेपावला’ असं वाचलेल्या लोकांना उद्याही तीच चाल राहील असं अधिक वाटलं, जणू निर्देशांकाला स्वतःची इच्छा आहे. आपल्याकडे तर तो रोजच मुसंडी मारतो, गटांगळ्या खातो, सावध पवित्रा घेतो. वाचक नकळत त्याच्यामागे धावतो.

पूर्वी हे वाचणारे थोडे होते. २०२४ च्या मार्चपर्यंत देशातली डीमॅट खाती १५ कोटींवर गेली. तालुक्याच्या गावातली शिक्षिकाही आज मोबाइलवर एसआयपीचा आकडा बघते. वीस वर्षांसाठी लावलेल्या पैशाला एका दुपारच्या घसरणीने फारसं काही होत नाही, हे तिला त्याच बातमीत कळायला हवं. ‘हाहाकार’ वाचून तिने हप्ता बंद केला तर नुकसान तिचं होतं, बातमी लिहिणाऱ्याचं नाही.

प्रतिमा टाळा असं मी म्हणत नाही. तिला आकड्याची जोड हवी. एप्रिल २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी महागाईला हत्तीची उपमा दिली. हत्ती फिरायला बाहेर पडलाय, जंगलाकडे परततोय असं दिसतं, तो तिथेच राहायला हवा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच निवेदनात एप्रिल २०२२ मधला ७.८ टक्क्यांचा उच्चांकही होता. हत्ती कुठून निघाला ते त्यावरून समजत होतं. त्याला पोहोचायचं होतं ४ टक्क्यांवर, आणि फेब्रुवारीत तो ५.१ वर होता.